कुंदाचा पाहुणा

इटारसीला गाडी बदलून जबलपूरला उतरलो, तर स्टेशनच्या काचांना काळे कागद डकवलेले आणि बाहेर मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवलेले. लढाईचे दिवस होते. हे शहर मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. म्हणजे तसं ठरलं होतं. खरं तर लग्नाआधी इथल्या लष्करी कारखान्यात मी दोन वर्षं काढली होती. वसंता आणि मी एकाच खोलीत राहायचो. ते सगळं विसरून ये, असं त्यानं बजावलं होतं.

वसंताची नऊ वर्षांची कुंदा रक्ताच्या आजारानं सुकत चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले आणि पोरीची हौस पुरवा म्हणाले. बाहुली मागेल, फ्रॉक मागेल, म्हणून आईबाप तयारीत होते. कुंदानं पाहुणा मागितला. शेजाऱ्यांकडे गावाहून पाहुणे येतात, ते त्यांना जबलपूर दाखवतात, आपल्याकडेच कुणी येत नाही. पाहुणा कोरा हवा, जबलपूर कधी न पाहिलेला, आणि दाखवणार ती. लढाईत नातेवाईक कुणी निघेना, तेव्हा वसंताला मी आठवलो.

सकाळी आम्ही सायकलरिक्षात बसलो. मध्ये शालीत गुंडाळलेली कुंदा, एका बाजूला वहिनी, दुसरीकडे माझा सुटलेला ऐवज.

"आधी जलेबी," कुंदानं हुकूम सोडला.

"उपाशीपोटी?"

"पाहुण्याचं तोंड आधी गोड करतात, काका. इतकंही माहीत नाही?"

बड़ा फुहारा (मोठं कारंजं) म्हणजे कापडवाल्यांचा गजबजलेला चौक. रिक्षातून उतरलो आणि माझे पाय सवयीनं थेट मिठाईच्या गल्लीकडे वळले.

"काका, तिकडे काहून चालले? रस्ता तर मी सांगून राहिली."

"वास आला गं," मी म्हणालो.

एवढ्यावर भागतं तर बरं होतं. दुकानदारानं झारा तसाच धरून हाक मारली, "अरे भैया, कितने साल बाद!"

एका वाक्यात पोरीची हौस मातीत जाणार होती. कुंदाच्या डोक्यावरून वहिनींनी त्याला हातानं नाही-नाही केलं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नहीं जी, वो तो दुबले थे."

खोवे की जलेबी (खव्याची, काळपट, जाडजूड) मी जन्मात पहिल्यांदा खाल्ली आणि चेहऱ्यावर जमेल तेवढं आश्चर्य आणलं. कुंदा माझ्याकडेच बघत होती.

सराफ्यात तिनं काचेमागची एक नथ दाखवली. "ही माझी. रोज इथेच असते." वहिनी दुसऱ्या दुकानाकडे बघत राहिल्या.

शेवटी कारखान्याचं फाटक. "आता पूर येईल, बघा," ती म्हणाली. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला आणि सायकलींचा लोंढाच बाहेर फुटला. "ह्याच्यातून बाबा येतात. ओळखा." दोन वर्षांचा माझा खोलीसोबती, पण मला काही तो दिसेना. तिनं केव्हाच बोट केलं होतं. वसंता हसत घंटी वाजवत आला.

संध्याकाळी त्यांच्या घरून निघताना तिनं विचारलं, "आवडलं?"

"फार."

"मग आता तुम्ही नका येऊ. तुमचं पाहून झालं. दुसरा पाठवा." आणि वहिनी आत गेल्यावर हळूच म्हणाली, "खरा कोरा."

घरी आल्यावर मेव्हण्यांना गाठलं. त्यांनी पुणंसुद्धा ओलांडलेलं नव्हतं, म्हणजे माल अस्सल. चैत्रातलं तिकीट काढलं. निघायच्या आदल्या दिवशी वसंताची तार आली. कुंदा गेली होती. मी तिकीट परत करायला निघालो, तर मेव्हणे म्हणाले, "पोरीनं बोलावलंय. जायला हवं."

ते गेले. वसंतानं रजा काढून त्यांना जबलपूर दाखवलं, तिच्याच क्रमानं. आधी उपाशीपोटी जलेबी, मग सराफ्यातली नथ. शेवटी दोघं फाटकाबाहेर उभे राहिले. भोंगा झाला, सायकली सुटल्या. लोंढा ओसरून रस्ता रिकामा होईपर्यंत वसंता बघत होता. मग मेव्हण्यांना म्हणाला, "ह्याच्यातून मी येतो."