शिंदीच्या बनातली परीक्षा

आमच्या मामांना माणूस पारखायची एकच पद्धत ठाऊक होती. सोयरीक जुळत आली की ते मुलाला मुखेडच्या पलीकडे, देगलूरच्या अंगाला असलेल्या शिंदीच्या बनात घेऊन जायचे आणि झाडावरून उतरवलेल्या ताज्या शिंदीचा तांब्या त्याच्या हातात द्यायचे. तांब्या रिकामा करून जो सरळ बांधापर्यंत चालत जाईल तो पास. ज्याला चढते तो संसार काय सांभाळणार, असा त्यांचा हिशेब. आमचं घर बौद्ध. मामा रोज सकाळी पंचशील म्हणत, त्यात मद्य घेणार नाही हेही म्हणत, आणि कुणी टोकलंच तर ठणकावून सांगत, "शिंदी म्हंजे दारू न्हाई. झाडाचं पाणी हाय ते." त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, खोल्यांची भाडी एकदम चढलेली. मला तिथल्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी लागली आणि माय माझ्याजवळ राहायला आली. बाबा तेव्हा नव्हते. बहात्तरच्या दुष्काळात ते खडी फोडायच्या कामावर होते. तिथे रोज संध्याकाळी हातभट्टी घ्यायची सवय लागली आणि पुढे पाऊसपाणी सुधारलं तरी ती सुटली नाही. बाबा कधी झोकांड्या खात घरी आले नाहीत, कधी कुणावर ओरडले नाहीत. कितीही घेतली तरी पाय हलत नाही, असं गाव त्यांचं कौतुक करायचं. मग डोळे पिवळे पडले, पोट फुगलं आणि नांदेडच्या दवाखान्यात ते गेले. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "दाजीला दुष्काळानं नेलं." माय त्यावर कधी काही बोलली नाही.

मला पाहायला लोह्याचा एक शाळामास्तर आला. चहा देताना माझ्या हातातला कप हिंदकळला आणि त्याच्या पांढऱ्या पँटवर सांडला. "असू द्या, मीपण घाबरलोय," तो म्हणाला. मला तो तिथेच आवडला, हे आता सांगायला काय लाजायचं? पण मामांची परीक्षा बाकी होती. थोरांचा मान राखायचा म्हणून बिचारा बनात गेला. अर्धा पेला पोटात जातो न जातो तोच त्याचं तोंड, कान, मान सगळं लालबुंद झालं, छाती धडधडायला लागली. तिथेच ओकला आणि बाभळीखाली आडवा झाला.

मामा लातूरला आले ते निकाल घेऊनच. "लई नाजूक हाय पोरगं. अर्ध्या पेल्यात गार. मी दुसरं ठिकाण बघून राहिलो," ते मायला म्हणाले. मी आतल्या खोलीत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात माझे सुजलेले डोळे पाहून कारकुनाने खोदून खोदून विचारलं आणि मी मूर्खासारखं सगळं सांगून टाकलं. तो हसला. "तुम्हा लोकांच्या तर रक्तातच असते दारू. मग हा कसा असा निघाला?"

माझं डोकंच फिरलं. "रक्त मी रोज बघते," मी म्हटलं. "मलेरियाचे जंतू दिसतात, ते कुणाच्याही रक्तात दिसतात. तुम्ही म्हणता ते अजून एकाही काचेवर दिसलं नाही."

दारात नवे डॉक्टर उभे होते. ते ईशान्येकडच्या डोंगराळ मुलखातले, हिंदीत मराठी मिसळून बोलायचे. कारकून निघून गेल्यावर ते माझ्या टेबलाशी बसले. "माझ्या लोकांबद्दलही असंच बोलतात," ते म्हणाले. "आणि मी एक घोट घेतला तर टोमॅटो होतो." दारू पोटात गेली की शरीर आधी तिचं एक विष बनवतं आणि मग ते विष निकामी करतं, असं त्यांनी समजावलं. पूर्वेकडच्या बऱ्याच लोकांत हे दुसरं काम जन्मतःच मंद असतं. विष अंगात साचतं, तोंड लाल होतं, मळमळतं, आणि माणूस आपणहून पेला खाली ठेवतो.

"मास्तरांचंही तेच असेल?"

"तपासल्याशिवाय कसं सांगू? तुमच्याकडे हे कमी आढळतं. दुसरंही काही कारण असेल. पण मला काळजी वाटते ती ज्याला चढतच नाही त्याची. त्याला आतून कुणी थांब म्हणत नाही, म्हणून तो पीत जातो. हे बापाकडून पोरात उतरू शकतं." माझा चेहरा पडलेला पाहून ते पुढे म्हणाले, "उतरलं म्हणजे ठरलं असं नाही. माझा काका लाल होतो आणि तरी पितो. माझा एक मित्र दारुड्या बापाचा मुलगा, त्याने कधी हात लावला नाही."

त्या संध्याकाळी मुक्कामाला राहिलेले मामा जेवायला बसले होते. मी मायला जसंच्या तसं सगळं सांगितलं. वाटलं होतं, मामा हसण्यावारी नेतील. पण माय तव्यावरची भाकरी काढून त्यांच्यासमोर येऊन बसली.

"दादा, यांना बी तूच नेलतास बनात."

"हाव."

"दोन तांबे पिऊन सरळ चालत आले. भनीला वाघ मिळाला म्हणून गावभर सांगत फिरलास."

मामांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"दुष्काळानं न्हाई नेलं त्यांना," माय म्हणाली. "दुष्काळ साऱ्या गावावर व्हता."

मामा उठले, हात धुतला आणि पायरीवर जाऊन बसले. मला त्यांची दया आली. बाबांच्या मागे आम्हाला त्यांनीच पोसलं होतं, आणि मायच्या भल्यासाठीच तर त्यांनी तो वाघ शोधला होता.

आज माझी मुलं मोठी आहेत. त्यांच्यात आजोबांचं किती आलंय आणि बापाचं किती, मला माहीत नाही. पण आजोबा कशाने गेले हे त्यांना लहानपणापासून माहीत आहे. ते लपवायचं नाही, हे मी आणि मास्तरांनी लग्नाआधीच ठरवलं होतं.

आणि ते लग्न झालं कसं, तर त्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी मामा पहाटेच्या एसटीने एकटेच लोह्याला गेले. मास्तरांच्या वडिलांनी सतरंजी टाकली तरी बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "पाव्हणं, तुमचं पोरगं माझ्या परीक्षेत नापास झालं. म्हणून हात जोडाया आलो. आमची पोरगी पदरात घ्या."