दादाचा कार्ब्युरेटर

भंगारातून काढलेले यंत्रांचे भाग साफ करणाऱ्या त्या बाईला दुकानात सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसेल तर शपथ! मात्र हातात भाग आला की बोटं शहाण्यासारखी वागत. तारेचा ब्रश लावू का, असं कोणी विचारलं की ती खेकसायची, "आधी स्वतःच्या दातांना लाव!"

त्या दिवशी बोटंही ऐकेनात. पुढ्यात दादाच्या होडीसाठी मिळालेला जुना कार्ब्युरेटर होता. इंजिन चाललं तरच गिऱ्हाईक होडी घेणार होतं, आणि होडी विकली की दादा दूर, लेकीकडे कायमचा राहायला जाणार होता. आईवडील गेल्यापासून भिंगरीला तेवढंच माहेर उरलं होतं. त्याच्या जाण्याची सोयही म्हणे तिनेच करायची!

जुन्या पेट्रोलची चिकट पिवळी पुटं तिने थिनर आणि दात घासायच्या ब्रशने काढली. सुई घातली तर पेट्रोलचं बारीक छिद्र रुंदावतं, म्हणून ब्रशचाच एक केस आत फिरवला. उजेडाकडे धरून पाहिलं. छिद्र लख्ख मोकळं होतं. म्हणजे हा चालणार.

ती उठली, पाणी प्यायली, बसली, पुन्हा उठली. मागच्या बाजूला कॉस्टिक सोड्याचा टब होता, फक्त लोखंडासाठी. लोखंड त्यातून स्वच्छ निघतं, अॅल्युमिनियमला मात्र तो खाऊन टाकतो. कार्ब्युरेटर अॅल्युमिनियमचा होता. चुकून पडला म्हटलं असतं तर मालकानेही तिचीच समजूत घातली असती.

तिने तो टबात सोडला.

पाणी फसफसलं. हातमोजा शोधायचंही सुचलं नाही. तिने तसाच हात घातला, भाग बाहेर काढला आणि हातासकट नळाखाली धरून बसली. वरची चमक गेली होती. छिद्रं शाबूत होती.

दादा आला तेव्हा भाग पुसून कोरडा केलेला होता.

"काळा का पडला गं?"

"सोड्यात घातला होता."

"चुकून?"

"नाही."

दादाने तिची लाल झालेली बोटं पाहिली.

"एवढा राग आला माझा?"

"राग कसला रे? तू जाऊ नयेस, बस."

"मग बाहेर का काढलास?"

"भाग चांगला होता रे," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

संध्याकाळी दादाने तो बसवला. दोरी ओढताच इंजिन सुरू झालं, कुठे अडखळलं नाही की गुदमरलं नाही. गिऱ्हाईक खूश झालं. काठावर भिंगरी उभी होती, आणि आज पहिल्यांदाच तिला कुठे जावं ते सुचत नव्हतं.