समजावणीचा तास

आमच्या कॉलेजात तेव्हा बाहेरून बदलून आलेल्या मुलांसाठी संध्याकाळी एक जादा तास असे. त्याला समजावणीचा तास म्हणत. हैदराबाद राज्य फुटून मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला होता, आणि नोकरीपायी तेलंगणात, कर्नाटकात पांगलेली आमच्याकडची माणसं आपापल्या जिल्ह्यात परतत होती. त्यांची मुलं अर्ध्या वर्षातच परभणीला दाखल होत. प्राचार्यांनी नियम केला होता, की अशा मुलांना इंटरच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, वर्गात बसू द्यायचं. मात्र सहामाहीला रसायनाची तोंडी परीक्षा पास झाली पाहिजे, नाहीतर पुन्हा पहिल्या वर्षात. हा तास माझ्याकडे आला, कारण रसायन विभागात सगळ्यांत नवा मी होतो आणि अजून कायम झालो नव्हतो.

मी स्वतः हैदराबादला शिकलेलो. तेव्हा तिथं सगळी विद्या उर्दूत होती. पुढं काळ बदलला आणि त्या शिक्षणाची मला लाज वाटू लागली. ही लाज काही आभाळातून पडली नव्हती. रसायनाचे आमचे वरिष्ठ प्राध्यापक पुण्याकडचे. मी स्टाफरूममध्ये शिरलो की ते हातातला चहा खाली ठेवून उभे राहत आणि कमरेत वाकून म्हणत, "या नवाबसाहेब! आज काय शिकवलंत? केमिस्ट्री की कीमियागिरी?" सगळे हसत. मीही हसत असे. आणि कॉलेजच्या आवारात उर्दूचा एक शब्दही तोंडातून काढायचा नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

त्या वर्षी बदलून आलेल्यांत एक मुलगी होती. घर राणीसावरगावचं, लिंगायत. वडील पंधरावीस वर्षं तेलंगणातल्या कचेऱ्यांतून कारकुनी करून आता गंगाखेडला बदलून आले होते. मुलगी परभणीत मावशीकडे राहत असे. घरात बोलते ती मराठी, पण शाळा सगळी उर्दूत झालेली. हैदराबादच्या कॉलेजात पुस्तकं इंग्रजी असली तरी प्राध्यापक समजावून सांगत ते उर्दूतच. आमच्याकडे पुस्तक इंग्रजी आणि समजावणं मराठीत. आडनाव मराठी म्हटल्यावर तिला मराठी शिकवणं कळत नसेल, हे कुणाच्या ध्यानातच येत नसे. वर्गातली मुलं म्हणत, "आपलीच हाय की ही, मग येड्यावानी काय बघायली?"

दाखल करायला आले तेव्हा तिचे वडील मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "सर, पोरगी हुशार हाय. पण मागच्या वर्गात गेली तर मला शिकवता यायचं न्हाई. घरचे लोक स्थळं घेऊनच बसलेत. म्हणायलेत, नापास झालेल्या पोरीला कशाला बसवून ठेवायलाव? पास झाली तर मी त्यांचं तोंड बंद करतो." मी त्यांना म्हणालो, "काळजी करू नका, मी आहे."

समजावणीच्या तासाला ती आणि आणखी दोन मुलगे असत. एकदा मी ब्युरेटच्या काचनळीतून अ‍ॅसिड सोडत थेंब मोजत होतो. माणूस ज्या भाषेत आकडे शिकतो त्याच भाषेत मनात मोजतो. मी पुटपुटत होतो, "उनतीस, तीस, इकतीस..." तिनं मान वर केली. एवढ्या दिवसांत तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच आनंद पाहिला.

"सर, तुमाला उर्दू येती! मग हे एकदा उर्दूत सांगा ना. मला लगेच समजंल."

दोघं मुलगे माझ्याकडे बघू लागले. बाहेर व्हरांड्यात वरिष्ठांच्या चपला वाजत होत्या. मी म्हणालो, "शिकलो होतो कधीतरी. आता विसरलो."

ती पुन्हा वहीत बघू लागली. तास संपल्यावर डोळे पुसत गेली. घरी जेवताना हे मी बायकोला सांगितलं. ती वाढता वाढता थांबली. "पोरगी रडत गेली म्हणता, आन् तुमी भाकरी मोडायलाव? उद्या घेऊन या तिला. माझ्यासमोर बसवा, काय सांगायचं ते सांगा."

मुलगी मावशीला घेऊन घरी येऊ लागली. मावशी आणि माझी बायको स्वयंपाकघरात बोलत बसत, आणि ओसरीवर मी तिला उर्दूत रसायन सांगे. अ‍ॅसिड म्हणजे तेजाब, आणि त्याचा जोर मोडून मीठ होतं ती तादील. ती झरझर पुढं जाऊ लागली. प्रश्न विचारू लागली, माझी चूक काढू लागली. "सर, हे तर उलटं झालं," म्हणून हसू लागली. मलाही कित्येक वर्षांनी मोकळं वाटलं. मी ज्या भाषेत विचार करायला शिकलो होतो तिच्यात पुन्हा बोलत होतो, त्या सुखात रमलो होतो.

त्या सुखात एक साधी गोष्ट मी केली नाही. तिला समजलं होतं. आता तेच परीक्षकासमोर इंग्रजीत किंवा मराठीत कसं म्हणायचं, हे तिच्याकडून घोकून घ्यायला हवं होतं. उद्या करू, परवा करू, असं म्हणता म्हणता सहामाही आली.

तोंडी परीक्षेला टेबलापलीकडे वरिष्ठ बसले होते, शेजारी मी. पहिले दोन प्रश्न तिनं अडखळत निभावले. तिसऱ्याला ती थांबली, ओठ हलले, आणि घाबरून जे ओळखीचं होतं ते तोंडातून आलं. "तेजाब आणि... तादील होते सर, मग नमक..."

वरिष्ठ मागे रेलून हसले. "बाई, ही प्रयोगशाळा आहे. मुदपाकखाना नव्हे."

तिचा चेहरा लाल झाला. तिनं माझ्याकडे पाहिलं. "सरांनी असंच शिकवलंय. माझं बरोबर हाय. सरांना विचारा."

वरिष्ठ माझ्याकडे वळले. तोंडावर हसू तसंच होतं. "काय नवाबसाहेब? तुम्ही शिकवलंत?"

तिचं उत्तर बरोबर होतं. एक 'हो' म्हटलं असतं तर तेवढ्यानं भागलं असतं. मी म्हणालो, "नाही. हिच्या आधीच्या कॉलेजात शिकवलं असेल."

तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. पुढच्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. नापास झाली. त्याच आठवड्यात वडील येऊन तिला गावाकडे घेऊन गेले.

मला जेवण जाईना. शेवटी मी प्राचार्यांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध होते. आता नोकरी जाणार, असं धरूनच मी गेलो होतो. त्यांनी चष्मा काढला. "उर्दूत सांगितलंत म्हणून कोण तुम्हाला फासावर चढवणार होतं? मुलीला कळलं, एवढंच आपल्याला हवं. अहो, तिथल्या तिथं का नाही बोललात?" मग म्हणाले, "आणा तिला. पुन्हा घेऊ परीक्षा." ज्या भीतीपायी मी हे केलं, ती भीतीसुद्धा खरी नव्हती.

रविवारी रेल्वेनं गंगाखेडला आणि तिथून मोटारीनं राणीसावरगावला गेलो. वडिलांनी बाज टाकली, पाणी दिलं. मी निरोप सांगितला तसे ते उठून उभे राहिले. "बघ गं, सर सोता आलेत! पुन्हा परीक्षा घेणार म्हणायलेत!" त्यांच्यापुढं माझी कबुली काही माझ्या तोंडून निघेना.

ती दारात आली. हाताला पीठ होतं.

"कोण घेणार परीक्षा?" तिनं विचारलं.

"तेच वरिष्ठ. आणि मी असेन."

"तुमी बाजूला बसणार?"

"हो. पण या खेपेला मी..."

"मग नको," ती म्हणाली. चढ्या आवाजात नाही, रागानं नाही. "अभ्यास येतोय मला, सर. पण तुमी बाजूला असलाव तर मला बोलता यायचं न्हाई."

ती आत गेली. वडील तिच्यामागं गेले, बराच वेळ आत बोलण्याचा आवाज येत राहिला, आणि ते एकटेच बाहेर आले. "पोरीची जात, हट्टी हाय, सर. तुमी मनाला लावून घेऊ नका. तुमी लय केलं तिच्यासाठी." तिनं त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

ते मला मोटारीपर्यंत सोडायला आले. पारावर एक म्हातारे पटवारी बसले होते, निजामाच्या अमलातले. वडिलांनी अभिमानानं माझी ओळख करून दिली. "पोरीचे सर. हैदराबादला शिकलेले." म्हाताऱ्यांचे डोळे चमकले. उर्दूत विचारपूस करू लागले, कुठं राहत होता, कोणते उस्ताद होते. तिथं मला भिण्यासारखं कुणीच नव्हतं. मी त्यांना अस्खलित उर्दूत उत्तरं देत राहिलो, आणि तिचे वडील शेजारी उभे राहून कौतुकानं ऐकत होते.