माझ्या दारी आलेला बंब

निवृत्तीनंतर माणसाने पसारा आवरता घ्यावा, असं म्हणतात. मी तो इतका आवरता घेतला की मला त्यातून बाहेर काढायला आगीचा बंब बोलवावा लागला!

सुलभा, म्हणजे माझी बायको, होती तेव्हा आमच्याकडे बसएवढी मोठी मोटरहोम होती. मागे बेडरूम, मध्ये स्वयंपाकघर, पुढे स्टिअरिंगवर मी आणि शेजारी मांडीवर नकाशा पसरून सुलभा. "अहो, इथून उजवीकडे!" हे ती हायवेवरून बाहेर पडायची एक्झिट मागे गेल्यावरच सांगायची. त्यामुळे आम्ही निम्मी अमेरिका पाहिली ती चुकून पाहिली. ती गेल्यावर एकदा मी एकटाच त्या गाडीने निघालो. एकही एक्झिट चुकली नाही. दुपारपर्यंत घरी परत आलो आणि गाडी विकायला काढली. (महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना सांगितलं, "पेट्रोलचे भाव बघताय ना!")

मग घेतली छोटी कॅम्पर व्हॅन. लेक केतकी दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला असते. तिचा फोन आला.

"बाबा, आता ही व्हॅन कशाला? आमची गेस्ट रूम रिकामी आहे. मॉरिसव्हिलचं तुमचं घर भाड्याने द्या आणि इकडे या ना!"

"अगं, मला फिरायचंय."

"एकटे?"

"एकट्याला पुरेल अशीच घेतलीय!" मी ऐटीत म्हणालो.

ती एकट्यालाही पुरत नव्हती, हे सामान लावताना कळलं. कुकर कपाटात गेला तर त्याचं झाकण बाहेर, झाकण गेलं तर मिसळणाचा डबा बाहेर! शेवटी कुकर, पोळपाट आणि डबा घरात ठेवले आणि लाटणं घेतलं. का घेतलं, ते विचारू नका.

प्रवासाला निघण्याआधी रंगीत तालीम म्हणून मी एका रविवारी दुपारी घरासमोरच्या ड्राइव्हवेतच, व्हॅनमध्ये झोपून बघायचं ठरवलं. मागची सीट ओढली की तिचा पलंग होतो. वर कपाट. बाजूला भिंतीला दुमडून ठेवलेलं जेवणाचं टेबल. मी आडवा झालो, कुशीवर वळलो, गुडघा टेबलाच्या खटक्याला लागला आणि धाडकन टेबल माझ्या पोटावर उतरलं! त्याचा पाय जमिनीतल्या खाचेत 'खट्' करून बसला. (विकणारा म्हणाला होता, "एकदा बसला की हलायचा नाही." प्रामाणिक माणूस!) उठावं तर वर कपाट, सरकावं तर डोक्याशी ओटा, पायाशी दार. फोन पुढच्या सीटवर.

पहिला अर्धा तास मी इंजिनिअरसारखा विचार केला. मग पोट आत घेऊन पाहिलं. ते गेली वीस वर्षं आत जात नाहीये. मग मनात आलं, आपण दिसलो नाही तर शोधायला कोण येईल? आज रविवार, टपालवाला नाही. केतकीचा फोन संध्याकाळी, तोही मी उचलला नाही तर ती म्हणणार, बाबा फिरायला गेले असतील. आणखी कोण? मी बराच वेळ नावं आठवत पडलो होतो. आठवत होती ती सगळी पुण्यात होती.

तेवढ्यात डोनाची चाहूल लागली. डोना ही पलीकडच्या घरातली बाई. तिचा लठ्ठ कुत्रा तिला रोज फिरवून आणतो. जाळीच्या खिडकीतून आवाज आला, "हाय अविनाश! हाऊ आर यू?"

आणि मी, पोटावर टेबल घेऊन पडलेला मी, काय म्हणावं? "फाइन, थँक यू!"

तीस वर्षांची अमेरिकन सवय! जीभ चावेपर्यंत ती पुढे गेली होती.

परतताना पुन्हा आवाज. "अजून आतच? एव्हरीथिंग ओके?"

"व्हेरी गुड, व्हेरी गुड!" माझं तोंड पुन्हा धावलं. मग धीर करून म्हटलं, "फक्त, डोना... आय अ‍ॅम स्टक."

 मग एक मोठा उसासा. "ओह हनी," डोना म्हणाली, "आपण सगळेच अडकलोय!"

आणि ती व्हॅनच्या पायरीवर बसली! नवरा गेल्यापासून घर कसं खायला उठतं, सिअ‍ॅटलचा मुलगा फोन कसा करत नाही, आणि केलाच तर कुत्र्याचीच चौकशी कशी करतो, सगळं तिने सांगितलं. आतून मी "हो ना," "खरंय," म्हणत होतो. मध्ये मीही सुलभाच्या नकाशाचं सांगितलं. टेबल पोटात रुतत होतं, पण तिला तोडणं बरं दिसेना. खरं सांगायचं तर इतकं मनमोकळं मी वर्षभरात कोणाशी बोललो नव्हतो.

"चल, बाहेर ये," शेवटी डोळे पुसत ती म्हणाली. "कॉफी घेऊ."

"तेच तर जमत नाहीये!"

तिने खिडकीतून डोकावून पाहिलं आणि अशी किंचाळली, की कुत्रा पळत घरी गेला.

पाच मिनिटांत बंब. सायरन, लाल दिवे, आणि तीन धिप्पाड जवान. पहिला आत शिरला, व्हॅन कलली, टेबल पोटात आणखी रुतलं!

"आउट! आउट!" मी ओरडलो. मग तो बाहेरूनच खिडकीतून वाकून स्क्रू काढायला लागला. तेवढ्यात पुढच्या सीटवरचा फोन वाजला. दुसऱ्या जवानाने तत्परतेने उचलला. "फायर डिपार्टमेंट!"

पलीकडे केतकी. तिने फोडलेला टाहो मला मागच्या पलंगापर्यंत ऐकू आला.

"अगं, काही नाही!" मी ओरडलो. "टेबल पडलंय!"

"कशावर?"

"माझ्यावर!"

"बाबा, मी निघतेय!" तिला थोपवता थोपवता टेबल निघालं. मी बाहेर आलो तर ड्राइव्हवेत अख्खी गल्ली! कित्येकांना मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते टाळ्या वाजवत होते. मग घरात जाऊन मोठ्या पातेल्यात आलं घालून चहा टाकला, शंकरपाळ्यांचा डबा बाहेर काढला. जवानांनी डबा संपवला. सुलभा गेल्यावर इतके कप मी पहिल्यांदाच विसळले.

सगळे गेल्यावर ड्राइव्हवे एकदम मोठा वाटायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतला जो तो जाताना व्हॅनवर टकटक करतो. "अविनाश, यू ओके इन देअर?" डोना तर रोज. एकदा तर बंबसुद्धा हॉर्न वाजवून गेला.

केतकी दर रविवारी विचारते, "बाबा, त्या व्हॅनमधून निघणार कधी?"

"गाडीत जरा काम निघालंय," मी सांगतो.

टेबल मी परत बसवलंच नाही, त्यामुळे जागाही ऐसपैस झालीय. रोज दुपारी चहाचा थर्मास घेऊन मी आत जाऊन पडतो. टकटक झाली की लगेच दार उघडत नाही. आधी थोडा कण्हतो.