वेणीची सावली

फोटोच्या दुकानात हायपोचा, फोटो धुण्याच्या त्या रसायनाचा, वास आला की अजूनही अंगात जुना शीण भरतो. दुसऱ्या महायुद्धाआधी सोलापूरच्या एका इस्पितळात मी एक्स-रे काढत असे. मंद्रूपची धोंडाबाई नावाची धनगरीण खोकल्यासाठी आली होती. तिच्या छातीच्या फोटोत वरच्या बाजूला डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, क्षय आहे, लेकराला अंगावर पाजू नको.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा फोटो काढायला आली. लेकरू जावेकडे ठेवलं होतं. यंत्रापुढे उभी राहिली तेव्हा तिची जाड, तेलकट वेणी खांद्यावरून पुढे आलेली दिसली आणि मला पहिला फोटो आठवला. पहिल्या वेळी दिवसभराच्या कामानं दमलेला मी ती वर बांधायला सांगायचंच विसरलो होतो.

या वेळी वेणी बांधून फोटो काढला. डाग नव्हता.

"बाई, तुला क्षय नाही. ती केसांची सावली होती. चूक माझी."

"मंग पाजू का लेकराला?" तिचा चेहरा उजळला. मग ती हळूच म्हणाली, "पर दूद आटलं की, सायब."

"तुझा जीव तर वाचला," मी म्हणालो. आज ते वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही.