जरा हात लावा

"सर, जरा हात लावा."

शेजारच्या काकांची हाक अशीच यायची. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला धडधाकट माणूस. पण पलंग सरकवायचा असो की सुईत दोरा ओवायचा, एकट्याने काही करायचे नाहीत. देवळाली प्रवरातल्या आमच्या गल्लीत त्यांची थट्टा चाले. माझी बायको विचारायची, "काका, जांभई तरी एकटे देता का?"

"न्हाई ओ ताई. मी दिली की समोरच्याला येतीच."

असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी असेल. मी उलट्या स्वभावाचा. कुणाकडे काही मागणं मला हरल्यासारखं वाटे.

बायको गेली. लोक येत, "काही लागलं तर सांगा" म्हणत. मी "काही नको" म्हणे. हळूहळू लोक यायचे थांबले. जेवण कधी व्हायचं, कधी नाही. संध्याकाळी भिंतीपलीकडून काकांची वंदना ऐकू येई. "बुद्धं सरणं गच्छामि." 'सरणं' आलं की मला अमरधामातली तिच्या सरणाची लाकडं दिसत. शेवटी एकदा फाटकाशी मी त्यांना म्हणालो, "काका, ते सरण ऐकवत नाही मला. जरा हळू म्हणाल?"

"तुमी लाकडाचं ऐकलं व्हय, सर? आमचं सरण म्हंजे आसरा."

"म्हणजे शरण जाणं. हारच की ती."

"उन्हाचा माणूस लिंबाखाली बसतो, तो काय लिंबाला हारला? पर लिंब चालत येत न्हाई, सर. गच्छामि म्हंजे मी जातो. आपल्या पायानं जायचं."

त्या दिवसापासून ते वंदना हळू म्हणू लागले. इतकी हळू, की मला कान द्यावा लागे.

कपाटावर बायकोची साड्यांची पेटी होती. ती खाली घ्यायची होती. जड नव्हती; माझ्याच्याने होत नव्हतं. एका सकाळी मी त्यांच्या दारात उभा राहिलो.

"काका, जरा हात लावता?"

हातातला चहा तसाच ठेवून ते आले. दोघांनी मिळून पेटी उतरवली. तिचं वजन त्यांना कळलंच असणार. पण आपल्या घराकडे तोंड करून ते एवढंच ओरडले, "अगं, सर जेवायला हायेत."

यंदाच्या उन्हाळ्यात काका गेले. अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं 'सरणं गच्छामि' म्हणत होती. मी मागे, भिंतीला टेकून. उचलायची वेळ झाली तशी त्यांच्या मुलाने वळून पाहिलं.

"सर, जरा हात लावा."

मी चपला काढल्या आणि गेलो.