लग्नाची साडी

घनसावंगीहून जालन्याला जाणाऱ्या जीपमध्ये ती अधूनमधून दिसायची. अंगावर जरीकाठाची साडी, मांडीवर आहेराची पिशवी. कुणी विचारलं की म्हणायची, "भाचीचं लग्न हाय."

एकदा मला राहवलं नाही. हळूच म्हटलं, "मावशी, श्रावणात कुठं लग्न असतं?"

ती कानाशी वाकली. "लग्न कशाचं, माय! माझ्या पोरीवर जबरदस्ती झाली, त्याची तारीख हाय. कोर्टात चालले म्हनलं की बाया तोंड फिरवतेत. लग्नाला म्हनलं की सरकून जागा देतेत." मग पिशवीतून वर डोकावणारं ब्लाउजपीस तिनं नीट आत सारलं. दर वेळचं तेच, घडीवर विटलेलं.

उन्हाळ्यात ती पुन्हा भेटली, साध्या सुती पातळात. जीप भरायची वाट पाहून ड्रायव्हरनं शेवटी अर्धी रिकामीच काढली.

"आज गर्दी कशी नाही?" मी विचारलं.

"समदे लग्नाला गेलेत. आज खरंच लग्न हाय," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "ज्याच्यावर केस हाय, त्याच पोराचं. जामिनावर सुटून आल्ता."

अख्खं सीट मोकळं होतं. तरी ती जालना येईपर्यंत कोपऱ्यात अंग चोरून बसली.